बुधवारच्या सभेतला विषय

मनुबाईची प्रार्थना आमच्या चर्चच्या मंडळीत कुणालाच आवडायची नाही. फार आखूड. आष्ट्याच्या बाजारात सुकी मासळी विकणारी ही बाई बुधवारी दुपारच्या महिला सभेत दाराशी बसते. अंगाला बोंबलाचा वास येतो म्हणून बायकांनीच तिला तिथं बसवलंय. सभा चालवणाऱ्या पाळकबाई सगळ्यांना प्रार्थनेचे विषय विचारतात. कुणाचं दुखणं, कुणाची परीक्षा, कुणाच्या मुलीचं जमत नाही. मनुबाई डोळे मिटते, "बापा, नाथाजीच्या मोडक्या पायाकडं बघ, मीबी बघती," एवढंच म्हणते आणि चप्पल घालून त्या एकट्या शेजाऱ्याकडे, नाथाजीकडे, पाणी भरायला जाते. आमची प्रार्थना तोवर कुठं रंगात यायला लागलेली असते.

गेल्या उन्हाळ्यात क्रांतीनं पाळकबाईंना एकटं गाठलं. क्रांती म्हणजे आमच्याच सभेतल्या विजयमालाबाईंची सून. तिचा नवरा मानसिंग तिला मारत होता. कुणाला सांगू नका, नुसती प्रार्थना करा, असं तिनं हात जोडून विनवलं होतं. बुधवारी पाळकबाईंनी गुडघे टेकले, डोळ्यांतून पाणी काढलं आणि मोठ्या आवाजात सुरुवात केली, "प्रभू, आमची बहीण क्रांती, जिला तिचा नवरा रोज मारतो..."

सासू पुढच्याच सतरंजीवर बसली होती. ती आमेनला थांबली नाही, पदर सावरून तडक घरी गेली. बाकीच्या बायका मिटल्या डोळ्यांनी आणि टवकारल्या कानांनी ऐकत होत्या. मला याचा अजून संताप येतो. दुष्टपणानं केलं असतं तर भांडता तरी आलं असतं. ही बाई भक्तिभावानं एका पोरीचं वाटोळं करत होती आणि वर तिला सगळ्या बायका शाबासकी देणार होत्या.

मनुबाई उठली. "बाई, तुमी देवाला सांगितलं, का तिच्या सासूला?"

"आपण तिच्यासाठी प्रार्थनाच करतोय ना," पाळकबाई डोळे न उघडता म्हणाल्या.

"करा. मी जाती."

मीही तिच्या मागे निघाले. विजयमालाबाईंचं दार आतून बंद होतं. मानसिंगला रात्रपाळी असायची, त्यामुळे तो घरीच होता. आतून क्रांतीचं ओरडणं ऐकू येत होतं. मनुबाईनं दारावर थाप मारली.

"कोन हाय?" मानसिंग खेकसला.

"मनुबाई. प्रार्थनेला आलीया."

"आमास्नी नको."

"तुला इचारलं न्हाई."

मग उंबऱ्यापुढं उभं राहून तिनं बाजारातल्या आवाजात सुरू केलं, "बापा, ह्या मानसिंगचा हात धर. बायकूला मारतोय त्यो. त्याची आय बघत बसलीया, तिला लाज दे. तू हात धरत न्हाईस तवर मी हितनं हालत न्हाई." संपलं की पुन्हा पहिल्यापासून. गल्लीतली दारं उघडली. माणसं बाहेर येऊन उभी राहिली. आतला आवाज थांबला आणि थोड्या वेळानं कडी निघाली.

क्रांती बाहेर आली. ओठ फुटलेला, पाय अनवाणी. मनुबाईनं आपली चप्पल काढून तिच्या पायात घातली आणि स्वतः तापल्या डांबरावरून तशीच चालत तिला आधी पोलीस चौकीत आणि मग आपल्या घरी घेऊन गेली. क्रांती आता तिच्याकडेच राहते, बाजारात तिच्या शेजारी बसते.

परवाच्या बुधवारी दोघी सभेला आल्या. पाळकबाईंचा चेहरा उजळला. "क्रांती, प्रभूनं आपल्या प्रार्थनेचं उत्तर दिलं. उभी राहा, साक्ष दे."

क्रांती दाराशीच उभी राहिली. "तुमच्या प्रार्थनेनं माझा ओठ फुटला. मनुमावशीच्या प्रार्थनेनं मी भाईर आली. माझं नाव पुन्ना घिऊ नका."

पाळकबाईंनी घाईघाईनं पुढचे विषय विचारले. त्या दिवशी एकीनंही विषय दिला नाही. सभा सुटल्यावर मात्र दाराशी, त्या बोंबलाच्या वासात, मनुबाईच्या कानाशी लागायला बायकांची रांग लागली. मीही त्या रांगेत होते.