डाव्या हाताचं रीळ

आमच्या घरात मासा शिजत नाही. अंडं उकडायचं तर तेही गॅलरीत, वेगळ्या शेगडीवर. आणि अशा घरात, ज्या काचेच्या कपाटात लोक चांदीची भांडी मांडतात, तिथं माझी मासे धरायची जुनी रिळं मांडलेली आहेत. गळाच्या काठीला बसवतात ती, दोरी गुंडाळायची चाकं. सासूबाई असेपर्यंत येईल त्या पाहुण्याला कपाटापुढं उभं करायच्या आणि म्हणायच्या, "बघा, टकल्याच्या घरी कंगवे."

नाद लागला तो जुन्या बाजारात. गेले होते कुकरची शिट्टी शोधायला. भंगाराच्या ढिगात एक पितळी चाक दिसलं, सहज मूठ धरून फिरवलं, तर असं करकरत फिरलं की सोडवेना. शिट्टी राहिली, चाक घरी आलं. तो आठवडा आम्ही डाळ पातेल्यात शिजवली आणि यजमानांनी एक अक्षर न बोलता ती खाल्ली, हे त्यांच्या खात्यावरचं मोठं पुण्य.

पुढं दुष्काळाची वर्षं आली आणि माझं कपाट भरायला लागलं. ऐकायला वाईट वाटतं, पण खरं तेच. हर्सूलच्या तलावात पोरं क्रिकेट खेळायला लागली. काठावर गळ टाकून बसणारी माणसं घरी बसली, आणि घरात जागा अडते म्हणून त्यांच्या काठ्या-रिळं भंगारात गेली. गावात टँकर यायचे आणि माझ्याकडे रिळं. आमच्या पुंडलिकनगरच्या पुढं जिथं ज्वारी उभी असायची तिथं प्लॉट पडले, मग तीन-तीन मजली घरं, मग मंगल कार्यालय. ओढ्यावर रस्ता आला. तळ्यात पाणी कुठून उतरायचं हे पुढंपुढं कुणी विचारायचंही सोडून दिलं.

रीळ दुरुस्त करायला फार अक्कल लागत नाही, दम लागतो. रॉकेलमध्ये बुडवून ठेवायचं आणि विसरून जायचं. घाई केली की स्क्रूचं तोंड जातं, आणि तोंड गेलेला स्क्रू म्हणजे रुसलेला जावई, काही केल्या हलत नाही. मग दातांचा ब्रश, शिलाई मशीनचं तेल, आणि पुन्हा दम. चिंच लावून पितळ चकचकीत करणाऱ्यांचा मला राग येतो. इतक्या वर्षांच्या हातांनी आलेला तो काळपट रंग एका दुपारी घासून काढायचा, याला काय म्हणावं?

आमच्या समोरच्या घरात एक काका-काकू राहतात. मूळचे देवगाव रंगारीकडचे, काका सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. कधीकाळी दर रविवारी ते सायकलवर काठी बांधून तळ्यावर जायचे. अशाच एका दुष्काळी वर्षी त्यांना लकवा झाला. उजवा हात गेला. जीभ शाबूत होती, पण काका ती वापरेनात. डॉक्टर म्हणाले व्यायाम करा, उठा, बसा. काका भिंतीकडं तोंड करून पडून राहायचे. पुण्याच्या मुलानं बापाला उभारी यावी म्हणून नवंकोरं, बटणाचं रीळ पाठवलं. काकांनी खोकंसुद्धा उघडलं नाही.

एका दुपारी काकू कापडी पिशवी घेऊन माझ्याकडं आल्या. पिशवीत काकांचं जुनं पितळी रीळ होतं.

"ताई, हे तुमच्या कपाटात ठिवा," त्या म्हणाल्या. "समोर दिसलं की डोळ्याला पाणी येतं त्यांच्या. माणूस असं हळूहळू चाललंय बघा. मला लई भ्या वाटतं."

काकूंना मी कधी रडताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशीही त्या रडल्या नाहीत, पिशवीची घडी घालत राहिल्या.

ते रीळ मी उघडलं ते फक्त साफ करायला. आत दात्यांचं चाक होतं आणि त्याला अडणारा छोटा खटका, ज्याची ती करकर असते. खटका काढून तेल लावताना लक्षात आलं की त्याच्या दोन्ही बाजू कामाच्या आहेत. जुन्या काही रिळांत हे असतं. खटका उलटा बसवला आणि दोरी सोडून उलट्या बाजूनं गुंडाळली की उजव्या हाताचं रीळ डाव्या हाताचं होतं. काकांना हे कधी कळायचं कारणच नव्हतं, त्यांचा उजवा हात धडधाकट होता. मी खटका उलटवला, नवी तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, भरली आणि पदर खोचून समोरच्या घरी गेले.

काकांनी रीळ ओळखलं. डाव्या हातानं मूठ धरली, फिरवलं. करकर झाली. पुन्हा फिरवलं. मग रीळ बाजूला सारून ते म्हणाले, "आन् काठी कोन धरंल?"

प्रश्न बरोबर होता. एक हात रिळाला, एक काठीला. काकांच्या रविवारच्या मंडळींचा एक दंडक होता: काठी दगडाला टेकवा, बेचक्यात ठेवा, कुणाची ना नाही; पण रीळ ज्यानं फिरवलं मासा त्याचा. दुसऱ्यानं हात लावला की मासा दुसऱ्याचा. नवं रीळ पाठवताना मुलानं मी येऊन मदत करतो म्हटलं होतं, आणि काका म्हणूनच पुन्हा भिंतीकडं वळले होते.

काकू दारात उभ्या होत्या. "दगडाला टेकवलेली चालती ना?" त्या म्हणाल्या. "मग मला दगड समजा. तसं बी लग्नापासून तेच समजत आलाव."

काका हसले. तोंड एका बाजूनंच हसलं, पण हसले.

तळ्यात मात्र पाणी नव्हतं. काका रोज उशीला पाठ टेकवून रीळ फिरवायचे. पुढं खुर्चीत बसून, पुढं अंगणात. मी त्या निमित्तानं दोन-चारदा तेल घातलं. गरज नव्हती, पण जायला कारण लागतं.

चांगल्या पावसाचं वर्ष उजाडलं तेव्हा आम्ही तिघं रिक्षानं दौलताबादकडच्या तलावावर गेलो. काकूंनी हिंग घालून कणीक मळून आणली होती. माशाला हिंगाचा वास आवडतो, हे ज्ञान मला त्या दिवशी झालं. काका सतरंजीवर बसले, काकू त्यांना खेटून काठी धरून. जन्मात पहिल्यांदा त्या तळ्यावर आल्या होत्या. बराच वेळ काही झालं नाही. मग काठी एकदम वाकली आणि काकू ओरडल्या, "अगं बया, ओढतंय की!"

काका फिरवायला लागले. मासा जोरात ओढत होता, मूठ एकदा सुटली. माझा हात आपसूक पुढं गेला.

"ताई, हात लावू नका!" काकूंनी असा आवाज टाकला की मी मागं सरकले.

काका घामानं निथळले होते. पाण्यावर माशाची पाठ दिसली, चांगला मोठा रोहू होता. आणि तंगूस तुटली.

मी काकांकडं बघायचं टाळलं. एवढं सगळं करून माणूस पुन्हा भिंतीकडं वळला तर, हीच धास्ती आम्हा दोघींच्या मनात होती.

काका तुटलेलं टोक बोटांत धरून बघत होते. "तंगूस बारीक पडली," ते म्हणाले. "उद्या जाड लावू."

काकूंनी माझ्याकडं बघितलं. "उद्या नळ हाय," त्या हळूच म्हणाल्या.

आमच्या शहरात नळाला पाणी येतं त्या दिवशी घरची बाई हलत नाही. सख्ख्या भावाकडं कार्य असलं तरी ती हंडे, ड्रम, टाकी भरून मगच साडी बदलते, कारण पाणी पुन्हा कधी येईल याचा भरवसा नसतो. काकूंनी तर दुष्काळात थेंबाथेंबाला जीव लावलेला. त्या काठी हातात धरून तशाच बसल्या. काका त्यांच्या तोंडाकडं बघत होते.

"जाऊ द्या," काकू म्हणाल्या. "ताई भरतील आमचं बी. व्हय ना, ताई?"

दुसऱ्या दिवशी ते दोघं रिक्षात बसून गेले, आणि मी दोन घरांचं पाणी भरलं.