डावी दांडी

रविवार, १६ फेब्रुवारी १९८६. देवास.
नळ पावणेसहाला आला, पाणी गढूळ. हवा गार, वारा वायव्येकडून, बेताचा. शालिग्रामभाऊ नाश्त्याला येणार म्हणून पोहे भिजवले. नऊ वाजून दहा मिनिटांनी हेलिकॉप्टर उडवलं. इंजिन हवेत बंद पडलं. मोडतोड नाही.

एवढं लिहून बकुळाबाईंनी दुपारी डायरी मिटली. महूच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी शिकवलं होतं, घडलं तेवढं लिहावं, वाटलं ते देवाला सांगावं. आज मात्र घडलेलंही पुरतं लिहिलं गेलं नव्हतं, हे त्यांना ठाऊक होतं.

विश्वासराव, त्यांचे यजमान, मूळचे धारचे. वडील बळवंतराव दरबारच्या मोटारी दुरुस्त करत. संस्थान गेलं, मोटारी गेल्या, वडिलांचा हात तेवढा मुलाकडे आला. तो घेऊन विश्वासराव चौऱ्याहत्तर साली देवासच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये लागले. पत्रा कापायचे पोलादी साचे ते कानशीने घासून जुळवत. त्यांनी जुळवलेल्या साच्याच्या फटीत सिगारेटचा कागद जात नसे.

हेलिकॉप्टर आलं एक्याऐंशीत. धाकटे दीर प्रतापराव जहाजावर नोकरीला होते, त्यांनी हॅम्बुर्गहून खोक्यात बांधून आणलं. हातभर लांब, लाकडी पात्यांचं, गळ्यात अडकवलेल्या रेडिओच्या डबीवरच्या दोन दांड्यांनी चालणारं. जोडायला दोन हिवाळे गेले. घरभर एरंडेलाचा वास, कारण इंधनात एरंडेल. इंजिन हवेत बंद पडून ते तीनदा आपटलं, तेव्हा विश्वासरावांनी प्रतापरावांनी पाठवलेलं पुस्तक बायकोपुढे ठेवलं. "तुझं इंग्रजी चांगलं. बघ काय लिहिलंय."

बकुळाबाईंनी डायरीच्या शेवटच्या पानांवर मराठीत उतरवून काढलं. इंजिन थांबलं की डावी दांडी पूर्ण खाली, त्याच क्षणी.

"अहो, पडत असताना आणखी खाली सोडायचं?"

"तीच तर गंमत. घाबरून वर ओढलं की पाती थांबतात, मग तो दगडच. खाली सोडलं की खालून येणारा वारा पाती फिरवत ठेवतो. गुडघाभर उंचीवर आलं की मग डावी दांडी वर. अलगद टेकतं."

रोज जेवणाआधी त्या पायऱ्या वाचून दाखवायच्या आणि विश्वासराव बंद डबीवर दांड्या हलवायचे. त्यांची वेळ चुकली तर बकुळाबाई पोळी लाटता लाटता टोकायच्या. "उशीर झाला. मेलं तुमचं हेलिकॉप्टर."

गेल्या दिवाळीनंतर विश्वासरावांचा डावा हात कापायला लागला. आधी अंगठा, मग मनगट. कधी बोटं जिथल्या तिथे अडकून बसत. बकुळाबाई चहाचा कप पहिल्यासारखाच काठोकाठ भरत राहिल्या. कमी भरला असता तर कळलं आहे असं झालं असतं. चहा बशीत सांडायचा, विश्वासराव आधी बशी प्यायचे आणि म्हणायचे, "फार गरम आहे गं."

कारखान्यात शेजारच्या बाकावर शालिग्राम होता, इथलाच, माळव्यातला. जेवणाच्या सुट्टीत तो गुपचूप त्यांचं राहिलेलं घासकाम करून टाकायचा. पण जानेवारीत एक साचा तिरपा बसला आणि प्रेसवरच्या गणोजीचा हात थोडक्यात वाचला. ठपका मशीनवर आला. खरं दोघांनाच माहीत होतं.

"त्या साच्यांखाली पोरांची बोटं असतात, शालिग्राम," विश्वासराव म्हणाले. "रविवारी मी हवेत इंजिन बंद करून हेलिकॉप्टर उतरवतो. उतरलं तर हात अजून माझा आहे. नाही तर टूलरूम सोडल्याचा अर्ज देतो."

"भिया, खेलने की चीज़ पे नोकरी लगाते हो?"

"हाताचीच परीक्षा आहे. दुसरी कुठे देऊ?"

रविवारी सकाळी तिघं टेकडीपलीकडच्या माळावर गेले. वारा कळावा म्हणून बकुळाबाईंनी काठीला बाग गावचा छापील रुमाल बांधला आणि नवऱ्याच्या डाव्या खांद्याशी उभ्या राहिल्या. यंत्र वर गेलं, शंभर फूट असेल. अजून ते वळत होतं, वाऱ्याकडे तोंडही झालं नव्हतं, तोच इंजिन खोकलं आणि गप्प झालं. विश्वासरावांनी ते बंद केलं नव्हतं.

"अरे भिया, यो तो गयो!" शालिग्राम ओरडला.

बकुळाबाईंनी वर पाहिलं नाही. त्यांनी नवऱ्याच्या अंगठ्याकडे पाहिलं. उजवा हात आपलं काम करत होता, नाक वाऱ्याकडे आणत होता. डावा अंगठा दांडीवर तसाच रुतून बसला होता, हलत नव्हता, कापतसुद्धा नव्हता. त्यांनी आपला अंगठा त्यावर ठेवला आणि दांडी खाली दाबली. सगळी. वरून पात्यांची फडफड ऐकू आली, ती जवळ येत गेली. उजव्या हाताने विश्वासरावांनी नाक उचललं, पडण्याचा वेग मोडला.

"आता," ते पुटपुटले.

दोघांचे अंगठे मिळून दांडी वर गेली. हेलिकॉप्टर गवतावर टेकलं, एकदा डुललं आणि उभं राहिलं.

शालिग्राम हेलिकॉप्टरपाशी धावत गेला आणि नाचत परत आला. त्याची नजर सगळा वेळ आभाळात होती. "कमाल कर दी, भिया! अब बोलो, कौन कहता है हात गया?"

विश्वासराव डबीच्या एरियलची तार आत सारत राहिले. घरी येऊन पोहे खाल्ले. बकुळाबाई समोर बसल्या होत्या आणि मनातल्या मनात विनवत होत्या, राहू द्या ना. कुणी पाहिलेलं नाही. दीड वर्षाने तर निवृत्तीच आहे.

"शालिग्राम," ते म्हणाले, "ते हिनं उतरवलं. माझा हात बसला होता."

शालिग्रामने बकुळाबाईंकडे पाहिलं. त्यांना नाही म्हणता आलं नाही. तो ताटली खाली ठेवून उठला, दारात चपला घालताना बराच वेळ वाकून राहिला. "भाभी, पोहे बढ़िया थे," एवढं बोलून गेला.

दिवेलागणीला विश्वासरावांनी कोरा कागद पुढे केला. "तू लिही. माझं उजव्या हाताचं अक्षरही हल्ली मुंगीएवढं होतं."

"काय लिहू?"

"स्टोअरमध्ये घ्या म्हणावं. तिथे मोजून द्यायचं असतं फक्त."

बकुळाबाईंनी कॉन्व्हेंटच्या वळणदार इंग्रजीत अर्ज लिहिला. पन्नास-साठ शब्दांत बारा वर्षं बसली. विश्वासराव सही करताना त्यांनी कागद दाबून धरला. सही ओळीच्या टोकाला जाता जाता बारीक होत विरून गेली.

मग त्यांनी चहा टाकला, दोघांनी घेतला, कप विसळून पालथे घातले. डायरी पुन्हा उघडून दुपारच्या ओळींखाली त्यांनी लिहिलं:

संध्याकाळी ह्यांना चहा अर्धा अर्धा कप करून दोनदा दिला.