गाळलेले चार शब्द

बीडमध्ये आम्ही भाड्याने राहायचो ती इमारत बाजाराला लागून होती. खरेदीला आलेले लोक तळमजल्यावर गाड्या लावून निघून जात. कंटाळून फ्लॅटमालकांनी पार्किंग एका खासगी ठेकेदाराला दिलं आणि बैठकीत ठराव केला: ‘फ्लॅटमालक नसलेल्या व इमारतीत न राहणाऱ्या व्यक्तींनी वाहन लावल्यास शुल्क आकारले जाईल.’

पाटी रंगवणाऱ्याला मजकूर लांब वाटला. मी वर्तमानपत्रात उपसंपादक, म्हणून फ्लॅटमालकांच्या अध्यक्षांनी कागद माझ्याकडे पाठवला. एकच गोष्ट दोनदा सांगितली आहे असं मला वाटलं. मी ‘व इमारतीत न राहणाऱ्या’ हे मधले चार शब्द गाळले आणि कागद परत दिला. त्याला मिनिटभरही लागलं नसेल.

दहावीच्या परीक्षा सुरू झाल्या त्या आठवड्यात ठेकेदाराच्या माणसाने भाडेकरूंच्या गाड्यांना साखळ्या लावल्या. माझ्या मोटारसायकलला लावली. तिसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिकेच्या स्कूटीलाही लावली. तिला दहा वाजता चौसाळ्याच्या केंद्रावर पर्यवेक्षक म्हणून हजर व्हायचं होतं. ती नोकरीत कायम झालेली नव्हती, आणि उशिराबद्दल एकदा लेखी समज मिळालेली होती. मी खाली उतरलो तेव्हा नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. बस गेली होती, पुढची दहाला होती.

ती त्या माणसाला समजावत होती की आपण इथेच राहतो, दोन वर्षं झाली. तो शांतपणे पाटीकडे बोट दाखवत होता.

“मालक हाय का तुमी? न्हाई ना. मग पावती फाडा. आमी काय मनानं करतोय का?”

पैसे भरायला ती तयार होती. पण पावतीवर ‘बाहेरील वाहन’ छापलेलं होतं आणि त्याखाली सही करायची होती. ती सही नंतर भाडेकरारात आडवी येईल, अशी तिला भीती होती. पेन हातात धरून ती उभी राहिली.

“असं कुणी लिहिलं हे?” तिने विचारलं.

“ह्या पेपरवाल्या सायबांनीच की,” तो म्हणाला. “इचारा त्यांना.”

तिने माझ्याकडे पाहिलं. मी तिला सही करू नका म्हणालो आणि अध्यक्षांना बोलवायला दुसऱ्या मजल्यावर गेलो. त्यांचं कापडाचं दुकान होतं, दुकानात जायची तयारी चालली होती. शर्टाची बटणं लावतच ते खाली आले. ठरावात चार शब्द जास्त होते आणि ते मी काढले, हे मी सगळ्यांसमोर सांगितलं. ते हसले.

“पेपरात चुकलं तर दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापून मोकळे होता तुम्ही. इथं मीटिंग घ्यावी लागते. मालकांना आता हीच पाटी बरी वाटायलीय.”

शिक्षिका घड्याळ पाहत होती. शेवटी अध्यक्ष म्हणाले की चूक माझी आहे असं मी लिहून द्यावं, मग बैठकीपर्यंत साखळ्या काढू. पावतीपुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर मी तीन ओळी लिहिल्या, खाली सही केली. त्यांनी दोनदा वाचल्या. आधी मॅडमची गाडी सोडा, एवढं मी म्हणालो. कुलूप निघालं तेव्हा साडेनऊ झाले होते. पस्तीसेक किलोमीटरचा रस्ता बाकी होता.

संध्याकाळी ती आमच्या दारात आली. ती पोहोचली तेव्हा दुसऱ्या शिक्षकाला तिच्या वर्गावर पाठवलेलं होतं. दोन दिवसांत लेखी खुलासा मागितला होता. मी लिहून देतो म्हणालो.

“नको सर. मी लिहिलाय. तुम्ही फक्त साक्षीदार म्हणून सही करा.”

दीड पान होतं. पाटीचा मजकूर कुणी बदलला तेही त्यात होतं, माझ्या नावानिशी. मी सही केली.

मुख्याध्यापकांनी खुलासा ठेवून घेतला. तो मान्य झाला की नाही, हे आम्ही ती इमारत सोडेपर्यंत तिला कुणी कळवलेलं नव्हतं.