कागियाची फेरी

मित्सुए ओबाता ही जपानच्या डोंगरातल्या आमच्या कुरोमाची गावची सून. विशीत लग्न होऊन आली आणि सत्तरी उलटेपर्यंत रोज पहाटे दारापुढचा रस्ता झाडत राहिली. पण गावात तिला मित्सुए कुणी म्हणत नसे. आमच्याकडे माणसाला त्याच्या घराच्या नावाने हाक मारतात. तिचं घर कागिया, म्हणून तीही कागिया. मग नवरा गेला, गुडघे गेले आणि मुलगा हिदेओ तिला नागोया शहरात नवव्या मजल्यावर घेऊन गेला. घराला कुलूप लागलं.

तीन वर्षांनी ती परत आली ती सहलीच्या बसमधून. तिच्या इमारतीतल्या म्हाताऱ्यांचं मंडळ कुरोमाची बघायला निघालं होतं आणि ही आपली कुणाला काही न सांगता खिडकीशी बसली होती. स्वतःच्या गावाला एका दिवसाची पाहुणी म्हणून येण्याइतकं वाईट दुसरं काही नसेल. पण तिला घराचा निरोप घ्यायचा होता. हिदेओने गिऱ्हाईक शोधलं होतं, त्याला संध्याकाळी उत्तर द्यायचं होतं आणि ती हो म्हणणार होती. बंद घर गावाने केव्हाच सोडून दिलं असेल, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं. कुणी ओळखू नये म्हणून टोपी भुवयांपर्यंत ओढली आणि तोंडाला मास्क लावला.

बस गावाबाहेर थांबली, सगळे वेशीतून आत आले आणि मंडळाची पुढारी हामानोबाई बोलता बोलता थांबली. तीही कधी गप्प बसू शकते हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं. दोन्ही हातांना काळपट लाकडाची घरं, खिडक्यांपुढे उभ्या बारीक लाकडी जाळ्या, छपरांवर ठेवलेले दगड, कडेने धावणारं पाटाचं पाणी. एकाही घराने रांग मोडलेली नाही. मित्सुएही थबकली. इथे जन्म काढला, पण मान वर करून बघायला सवड कुठे होती? लाकूड आणि कागद, आणखी काय आहे या गावात? एक ठिणगी पुरली असती. तरी तीनशे वर्षं उभं आहे. ती आपल्याच गावाकडे तोंडात बोट घालून बघत राहिली.

आणि मग तिचं लक्ष कागियाच्या दाराकडे गेलं. कुलपाशेजारी फेरीची पाटी लटकत होती.

ही पाटी आमच्याकडे घरोघर फिरते. ज्याच्या दारी ती असेल त्या घरच्या माणसाने दुपारी आणि दिवेलागणीला दोरीने जोडलेल्या टिपऱ्या वाजवत, ‘आग सांभाळा’ म्हणत गावभर फिरायचं. दुसऱ्या दिवशी पाटी शेजारी द्यायची. मित्सुएच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बंद दाराला पाटी लावून कोण मोकळं झालं? म्हणजे आज गावाला फेरीच नाही! लपायचं वगैरे सगळं विसरून ती शेजारच्या मासुयात शिरली.

मासुया म्हणजे गेन्जिरो. लाकडी फण्या करतो. त्याच्या छपराचा बर्फ तिच्या अंगणात पडतो यावरून दोघांनी आयुष्यभर भांडण पुरवलं होतं. त्याने हातातली फणीसुद्धा खाली ठेवली नाही.

“मास्क काढ. चालीवरून वेशीपाशीच ओळखलं तुला,” तो म्हणाला.

“माझ्या दाराला पाटी कुणी लावली? घरात माणूस नाही, दिसत नाही का?”

“आग काय दार वाजवून विचारते, माणूस आहे का म्हणून? आज फेरी कागियाची. म्हणून पाटी कागियाला.”

“आणि फिरतं कोण?”

“मी. कागियाची म्हणून वेगळी फिरतो, माझी वेगळी. तू नागोयाला गेलीस, मेली नाहीस.” मग त्याने खुंटीवरच्या टिपऱ्या काढून तिच्यापुढे धरल्या. “दुपारची व्हायची आहे. आलीच आहेस तर चाल. माझेही गुडघे काही तरणे नाहीत.”

तीन वर्षं हा भांडकुदळ माणूस तिच्या घराच्या नावाने उन्हाबर्फात फिरत होता आणि ती म्हणत होती, गाव विसरलं. तिने टोपी आणि मास्क काढून त्याच्या उंबऱ्यावर ठेवले आणि टिपऱ्या घेतल्या.

सासूने शिकवलेला ठोका हाताला आपोआप आला. दोन सलग, मग दम घेऊन एक हलका. “आग सांभाळा” म्हणताना पहिल्यांदा आवाज फुटला, मग सावरला. मंडळातले लोक बाजूला सरले. फोटो काढायला वर केलेला फोन हामानोबाईने का कोण जाणे, खाली घेतला. दारादारांतून माणसं नुसती मान लववत होती.

गावाच्या टोकाला शेवटचं घर तावाराया. तिथली म्हातारी वर्षभर माडीवरून खाली उतरलेली नव्हती, डोळेही गेलेले. जाळीआडून तिचा आवाज आला.

“हा हात मासुयाचा नव्हे. तो लाकडं फोडल्यासारखा वाजवतो. कागिया, आलीस का गं?”

मित्सुए भर रस्त्यात थांबली. नवव्या मजल्यावर तिला शेजारीण चेहऱ्यानेही ओळखत नव्हती. इथे तीन ठोक्यांवरून ओळखली.

“आले,” ती म्हणाली आणि मनसोक्त रडली. रडून झाल्यावर राहिलेली फेरी पुरी केली.

दिवेलागणीची फेरी गेन्जिरोच करणार होता, कारण बस चारला सुटायची होती. तिने टिपऱ्या परत दिल्या आणि कागियाची पाळी पुन्हा कधी येते ते विचारलं. तो म्हणाला, पहिल्या बर्फाच्या सुमारास, आणि बर्फ तुझ्याच अंगणात पडणार आहे.

बसमध्ये बसताच हिदेओचा फोन आला. गिऱ्हाईक थांबलं होतं, काय सांगू म्हणून त्याने विचारलं.

“नाही म्हणून सांग,” मित्सुए म्हणाली. “आणि पहिला बर्फ पडला की मला इकडे आणून सोड. आपली फेरी आहे.”