बाबांच्या प्रश्नाला मंत्र्यांचं उत्तर

आमच्या भांडुपच्या बैठ्या चाळीमागे संरक्षण खात्याची भिंत आहे. त्या भिंतीपासून ठरावीक अंतरात नवं बांधकाम करता येत नाही आणि आमची चाळ नेमकी त्या अंतरात येते. मागच्या वर्षी स्वयंपाकघरातल्या छताचा एक तुकडा आईच्या पाटावर पडला. आई त्या वेळी बाहेर नळावर होती म्हणून वाचली. तेव्हापासून मी बाबांच्या मागे लागले होते, की बोरिवलीला माझ्याकडे राहायला चला. बाबा कणकवलीकडचे, गिरणीत उमेदीची वर्षं घालवलेले आणि हट्टी. इतके हट्टी की माझा हट्ट कुठून आला हे कुणाला विचारावं लागत नाही.

"आदी उत्तर येवंदे," ते म्हणायचे. "सरकार नाय म्हणालां तर त्याच दिवशी येतंय."

उत्तर म्हणजे संसदेतलं. बाबांनी आमच्या खासदारांना लांबलचक पत्र पाठवलं होतं. भिंत यायच्या आधी आजोबांनी चार गाववाल्यांना हाताशी धरून ही चाळ कशी उभी केली आणि तरी येणारा प्रत्येक साहेब आम्हाला अतिक्रमणवाले कसं म्हणतो, याचं त्यात साग्रसंगीत वर्णन होतं. मधे दोन शिव्याही होत्या. खासदारांच्या कचेरीने त्यातून संरक्षण मंत्र्यांना दोन प्रश्न तयार केले. ही घरं भिंतीच्या आधीची आहेत का? आणि ती पुन्हा बांधायला परवानगी मिळेल का? मी ते दोनदा वाचलं. बाबांचं सगळं म्हणणं त्या दोन ओळींत आलं होतं, फक्त शिव्या गेल्या होत्या.

उत्तराच्या दिवशी अख्खी चाळ आमच्या खोलीत जमली. बायका चांगल्या साड्या नेसून आल्या. बाबांनी टीव्हीसमोर नारळ ठेवला आणि गावच्या देवळात घालतात तसं खणखणीत गाऱ्हाणं घातलं, "आमच्या प्रश्नाक सरळ उत्तर गावांदे म्हाराजा." सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." मी हसू दाबलं, पण अंगावर काटा आला हेही खरं.

प्रश्नोत्तराचा तास सुरू झाला. कुठल्या कुठल्या राज्यांचे कारखाने आले, सैन्यभरती आली, मग तास संपला. आमचं नाव निघालंच नाही. बाबांचा चेहरा उतरला. शेवटी चाळीच्या सेक्रेटरींनी खासदारांच्या कचेरीत फोन लावला.

"काका, तुमचा प्रश्न अतारांकित आहे ना," तिकडून सांगितलं. "त्याला लेखी उत्तर येतं. बोलत नाहीत सभागृहात. साइटवर बघा."

मी मोबाइलवर शोधलं, तर उत्तर खरंच आलं होतं. सुरुवातीलाच मंत्र्यांचं पदनाम होतं, खाली आमच्या चाळीचा उल्लेख. नळाची तक्रार घेऊन पालिकेत गेलो तर आम्हाला कुणी बसा म्हणत नाही. आणि तिकडे दिल्लीत कुणीतरी आमच्यासाठी जुने नकाशे काढले होते, फाइल या टेबलावरून त्या टेबलावर गेली होती, आणि देशाचं सैन्य सांभाळणाऱ्या खात्याने माझ्या बाबांना नेमून दिलेल्या दिवशी उत्तर दिलं होतं. मी मराठीत वाचून दाखवायला लागले.

घरं भिंतीच्या आधीची आहेत का, या पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दाचं होतं, होय. दुसऱ्याचं जरा लांब होतं. सुरक्षेच्या कारणास्तव अंतराची अट शिथिल करण्याचा कोणताही प्रस्ताव विचाराधीन नाही.

मला वाटलं, आता बाबा भडकणार, शब्द फिरवणार. बाबांनी मला पहिलं उत्तर परत वाचायला लावलं. मग आणखी एकदा. मग ते उठले आणि देव्हाऱ्यातले देव एकेक करून ताटात ठेवायला लागले.

आई म्हणाली, "अहो, सरकार नाय म्हणालां ना? मग एवढे खूश कशाक?"

"आजवर चोर म्हणान उठवत होते, म्हणान नाय उठलंय," बाबा म्हणाले. "आता खरो म्हणान उठतंय. पिशये भर."