लाल एप्रन

एका वेळी एकच काम करणारं माणूस आमच्या कार्डिफच्या घरात नाही, त्यामुळे किस्से आपोआप साठत जातात. आधी मी ते हसत सांगायचे. आता तसे सांगता येत नाहीत.

*

मी नर्स आहे. वॉर्डमध्ये औषधं वाटताना आम्ही लाल एप्रन घालतो. त्यावर ठळक लिहिलेलं असतं, 'औषधं देत आहे, बोलू नका.' पहिल्याच दिवशी कुणाच्या तरी नातेवाईक आजींनी खांद्यावर टकटक केलं.

"बाळा, एप्रनवर काय लिहिलंय गं? चष्मा विसरले."

मी यादी पहिल्यापासून तपासायला घेतली!

*

हे बाबांना सांगितलं. बाबा रिटायर्ड सर्जन.

"आम्ही ऑपरेशन करता करता रेडिओ ऐकायचो, ज्युनियरला शिकवायचो, वर मॅचचा स्कोअर विचारायचो! तुम्हाला साधी गोळी द्यायला शांतता लागते?"

"बाबा, मेंदू दोन कामं एकदम करत नाही. इकडून तिकडे उड्या मारतो. प्रत्येक उडीत काहीतरी सांडतं."

"मग उचलायचं!"

यांच्याशी कोण बोलणार?

*

लंडनच्या अलीकडे, मेडनहेडला मराठी मंडळाचा कार्यक्रम होता. बाबा ड्रायव्हिंग करत हँड्सफ्रीवर नागपूरच्या सुधीरकाकांशी त्यांच्या गुडघ्याबद्दल वाद घालत होते. मी मागे हेडफोन लावून झोपलेले. जाग आली तर समोर हीथ्रोची पाटी!

आई शांतपणे म्हणाली, "आलोच आहोत तर नागपूरलाच जाऊया का?"

आम्ही खूप हसलो. परत वळताना बाबा हळूच म्हणाले, "मुक्ता, मधला रस्ता मला आठवतच नाही गं."



*

आईच्या हृदयाची झडप बदलल्यापासून तिला रोज संध्याकाळी रक्त पातळ ठेवणारी एक गोळी असते. एकच. जास्त गेली तर रक्तस्राव, चुकली तर रक्ताची गाठ. सात खणांची डबी बाबा दर रविवारी भरतात. समोर व्हिडिओ कॉलवर सुधीरकाका.

एकदा मी सहज डबी उघडली. बुधवारी दोन, गुरुवारी शून्य.

"मोजल्या होत्या गं मी," बाबा म्हणाले.

"मोजल्या असतील. काकांना स्कोअर सांगता सांगता!"

तेव्हा मला फार राग आला होता. भीती नंतर, जिन्यावर बसल्यावर आली.

*

तसलाच एक लाल एप्रन ऑनलाइन मागवला. बाबा कुरकुरले, पण पुढच्या रविवारी घालून बसले. सुधीरकाकांचा फोन तीनदा वाजला, त्यांनी मान वर केली नाही. मग आईचा फोन वाजला.

"वहिनी, खरं सांगा. दादाला काय झालंय?"

*

गेल्या रविवारीही बाबांनी एप्रन घालून डबी भरली. माझा विश्वास नव्हता. मी एकेक खण हातावर रिकामा करून, मोजून, परत भरत होते. तेवढ्यात वॉर्डमधून फोन आला, सोमवारची शिफ्ट मंगळवारी चालेल का? फोन खांद्याला दाबून म्हटलं, "चालेल, चालेल." झाकणं लावली. बाबांना म्हटलं, "हं, बरोबर आहेत या वेळी."

सोमवारी संध्याकाळी आई स्वयंपाकघराच्या दारात उभी. एका हातात पाण्याचा पेला. दुसऱ्या तळहातावर दोन गोळ्या.

"मुक्ता, आजपासून दोन आहेत का गं?"

बाबा उठले. त्यांनी आईच्या हातातली एक गोळी उचलली. मग खुंटीवरचा एप्रन काढला, माझ्या गळ्यात घातला आणि मागे घट्ट गाठ मारली.