हर्मिनियोचं वजन

माझा नवरा हर्मिनियो वजन उतरवायला निघाला, तेही ऐन जत्रेच्या दिवसांत. आमच्या गस्टीन गावात चर्चच्या पवित्र आत्म्याच्या जत्रेला गावभर मांसाचा रस्सा आणि पाव वाटतात आणि हा पठ्ठ्या ताटात काकडी घेऊन बसला. सगळे हसले. तो ढिम्म हलला नाही.

याला कारण विमानतळावरचं ते यंत्र. चार कोपऱ्यांना चार पंखे, प्रत्येक गोल कड्यात बसवलेला. धावपट्टी नको, जागच्या जागी सरळ वर उठायचं. आजवर ते रिकामंच उडवलं होतं. आता माणूस बसवायचा होता, पण बॅटऱ्याच इतक्या जड की माणसाच्या वाट्याला एकशे सत्तर पौंड उरले होते.

हर्मिनियो पूर्वी विमानातून शेतांवर औषध फवारायचा. विमान कोसळलं आणि डावा पाय गुडघ्याखालून तुटला. मग त्याला कुणी विमान देईना. या यंत्रात मात्र पायांचं कामच नाही, सगळं हातानं.

"इडालिना, हे माझ्यासाठीच बनवलंय गं."

"मी गोड पावही तुझ्यासाठीच बनवलाय. गिळ."

मी त्याला तोंडावर सांगितलं होतं, खाऊ घालीन, पण वर जाऊ देणार नाही. त्याला शेतातून उचलून आणताना मी पाहिलं होतं. पुन्हा ते बघायची माझी तयारी नव्हती.

उड्डाणाच्या सकाळी वजन तीन पौंड जास्त भरलं. मुख्य इंजिनियर ग्रेटा म्हणाली, "सॉरी हर्मिनियो, कोडी बसेल." राखीव वैमानिक म्हणून आलेल्या तरण्या कोडीनं हेल्मेट उचललंसुद्धा.

"थांबा. हा नकली पाय पाच पौंडांचा आहे. काढतो."

"आणि आग लागली तर पळशील कसा?"

"पाय लावून तरी मी कुठे पळतो? तुमची माणसं उभी आहेत ना? ओढा मला बाहेर."

"काढ. बघू," ग्रेटा म्हणाली.

तो खुर्चीत बसला, पण हात नकली पायाच्या पट्ट्यापाशी अडला. तो तुटका पाय त्यानं माझ्याशिवाय कुणाला दाखवला नव्हता आणि इथे सगळे टक लावून बघत होते. मला राग आला, त्याचा, त्यांचा, माझाही. मी पुढे झाले, गुडघ्यांवर बसले आणि पट्टा सोडला.

"इडा, तू?"

"गप्प बस. आणि उतरताना हळू उतर."

वजन बसलं. दोघांनी त्याला उचलून आत ठेवलं. पंखे घोंघावले, धूळ उडाली आणि यंत्र माझ्या डोक्याइतकं वर येऊन स्थिर झालं. मी बेंबीच्या देठापासून ओरडत होते, "अजून वर! अरे, अजून वर!"